‘द जंगल’नं नेमकं काय बदललं?
‘कादंबरी कायदा घडवते’ याचं उदाहरण म्हणून ‘द जंगल’ या अमेरिकन कादंबरीचं नाव घेतलं जातं. खरं आहे, पण अर्धंच. तिचा लेखक अप्टन सिंक्लेअर याला शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांचे हाल मांडायचे होते. वाचकांना मात्र स्वतःच्या ताटातल्या मांसाची किळस आली (मांसाबद्दलची पानं पुस्तकात तशी थोडीच). राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं नील आणि रेनल्ड्स या दोघांना कत्तलखान्यांच्या पाहणीला धाडलं, ३० जून १९०६ला मांस तपासणीच्या कायद्यावर सही झाली. पण तोवर सेनेटर बेव्हरिजच्या मसुद्यातली दोन कलमं मांस कंपन्यांच्या दबावाखाली गळाली होती: तपासणीचा खर्च कंपन्यांनी भरायचा आणि डब्यावर तारीख छापायची. खर्च सरकारी तिजोरीवर पडला, वर्षाला ३० लाख डॉलर. मजुरी, कामाचे तास? त्याबद्दल कायद्यात चकार शब्द नाही.