पाठीमागे फुगणारी बीसीडी घ्यावी का? वर आल्यावर तोंड पाण्यात जातं म्हणतात

औसेकर
नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्यातला. जानेवारीत तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, मग कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला चार डाइव्ह झाले. आता स्वतःची बीसीडी घ्यायचीय, म्हणजे हवा कमीजास्त करून पाण्यात तरंगणं सांभाळणारी, अंगात घालायची पिशवी. भाड्याच्या जॅकेटला, म्हणजे छातीभोवती फुगणाऱ्या बीसीडीला कंटाळलो. वर आल्यावर पूर्ण फुगवलं की बरगड्या आवळतात, श्वास अर्धाच जातो. एकदा तर लार्ज मापाचं गळ्यात पडलं. पाण्यात शिरताच ते कानापर्यंत सरकलं आणि सिलिंडर पाठीवर डुलायला लागलं. मासे बघायचे सोडून मी तेच सावरत बसलो.

पाठीमागे फुगणाऱ्या बीसीडीत छाती मोकळी राहते, हे पटतंय. पण माझा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार म्हणतो, पाण्याच्या वर आलं की ती तोंडावर पाडते. हे ऐकलं आणि आजोळची विहीर आठवली. सात-आठ वर्षांचा असताना मामांनी पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून मला पाण्यात सोडलं होतं. हात मारतोय तोवर डब्याचा आधार. हात थांबले की डबा वर आणि माझं नाक पाण्यात. मामा काठावरून ओरडायचे, "मागं रेल, मागं!" तीच गत समुद्रात होणार असेल तर मी जॅकेटच घेतो.

उंची 5 फूट 6 इंच, वजन 68 किलो. 3 मिमीचा वेटसूट, वेट बेल्टला 6 किलो शिसं. लातुरात घालून बघायची सोय नाही, म्हणून पुण्या-मुंबईला जायच्या आधी विचारायलोय.

गोदाकाठ
भाऊ, मी नांदेडची. सहा वर्षं पाठीमागे फुगणारीच वापरते. तुमच्या मामांनी सांगितलं तेच इथंही करायचं.

तोंडावर पडायला होतं ते दोन गोष्टींमुळे. एक, वर आल्याबरोबर माणूस घाबरून पूर्ण फुगवतो. हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच हवा भरा, मग पाय थोडे पुढे घेऊन खुर्चीत टेकल्यासारखं मागे रेला. दुसरी, सगळं वजन कमरेला पुढच्या बाजूला असतं. हवा मागे, शिसं पुढे, म्हणजे माणूस पुढेच कलंडणार. सहापैकी दोन किलो मागच्या ट्रिम पॉकेटमध्ये किंवा सिलिंडरच्या पट्ट्यावर घ्या. बाकीचं मात्र झटक्यात टाकता येईल असंच ठेवा. मागच्या कप्प्यातलं वजन ऐनवेळी हाताला लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची सिलिंडर मिळतात. ती रिकामी होत आली की तरंगू लागतात, म्हणून डाइव्हच्या शेवटी पुढे पडायची ओढ जास्त जाणवते. स्टीलच्या सिलिंडरला हा त्रास बराच कमी.

आणि तुमचे 6 किलो मला जास्त वाटतात. सिलिंडरमध्ये हवेचा दाब 50 बार उरला असताना बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीचा श्वास घेऊन धरा आणि स्थिर उभे रहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. श्वास सोडला की बुडायला हवं. हे समुद्रातच करा. पोहण्याच्या तलावातला हिशोब खाऱ्या पाण्यात लागू पडत नाही, समुद्रात दोनेक किलो जास्त लागतं. वजन कमी झालं की हवा कमी भरावी लागते. तुमची अर्धी भीती तिथंच संपेल.

परभणीकर
ताईंशी सहमत. भर एवढीच, की मोठी लिफ्ट, म्हणजे बीसीडीची वर उचलायची ताकद, बघून भुलू नका. भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर असते, आणि खोल गेल्यावर वेटसूट दबून त्याचं तरंगणं कमी होतं. या दोन्हींची भरपाई झाली आणि वर डोकं बाहेर राहिलं की पुरे. 3 मिमीच्या सुटात 12 ते 14 किलो लिफ्ट तुम्हाला भरपूर आहे. लेबलवर पौंड लिहिलेले असतील तर 30 पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो.

विमानाने अंदमानला जायचं मनात असेल तर बीसीडी काट्यावर ठेवून बघा. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेकदा 15 किलो सामान नेता येतं, त्यात रेग्युलेटर, फिन्स, कपडे सगळं आलं. मी झीगल रेंजर ही बीसीडी घेतली. मजबूत आहे, पण जड. दर वेळी विमानतळावर बॅग उघडून सामान हलवावं लागतं.

औसेकर
ताई, डोक्यातली गाठ सुटली. एक राहिलं. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो. चालेल का?

गोदाकाठ
बाहेरून धुवायला चालेल. आतून मात्र शेवटचं पाणी फिल्टरच्या जारमधलं घ्या. दोन लिटर पुरतं. इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या तोंडातून आत ओता, थोडी हवा भरा, उलटसुलट हलवा आणि खालच्या डम्प व्हॉल्व्हमधून, म्हणजे हवा सोडायच्या झडपेतून काढा. मग इन्फ्लेटरचं बटन जारच्या पाण्यात बुडवून दहा-बारा वेळा दाबा. तिथं मीठ नाहीतर क्षार साचला की बटन अडकतं आणि बीसीडी आपोआप फुगायला लागते. पाण्याखाली तसं झालं तर आधी सिलिंडरकडून इन्फ्लेटरला येणारी नळी काढा, मग हवा सोडा. माझं 14 मीटरवर अडकलं होतं. हात आपोआप नळीकडे गेला तो फक्त सरावामुळे. अर्धी फुगवून सावलीत वाळवा. आपल्या उन्हात गच्चीवर अजिबात नको.

औसेकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. पुण्यात एका तलावात दोन बीसीडी घालून बघितल्या. पहिलीचे खांद्याचे पट्टे पूर्ण ओढूनही बोटभर सैल, ती लगेच परत केली. दुसरी बसली. खोल बाजूला वर आलो आणि मुद्दाम पूर्ण फुगवली, काय होतं ते कळावं म्हणून. पाठीला डबा बांधल्यासारखं नाक पाण्यात. दोन वेळा बटन दाबून हवा सोडली, पाय पुढे घेतले, मागे रेललो. पाणी हनुवटीखाली आलं आणि तिथंच थांबलं. पाच मिनिटं तसाच राहिलो. छातीवर काहीच आवळत नव्हतं, श्वास पोटापर्यंत जात होता.

तीच घेतली. दोन किलो मागे लावलेत. समुद्रातली वजनाची परीक्षा पावसाळा संपून मालवणचं डायव्हिंग सुरू झालं की करतो. मामा आता सत्तरीला आलेत, त्यांना बीसीडी दाखवली. त्यांनी पाठीकडची बाजू चाचपली आणि विचारलं, "ह्यात पत्रा नाही का?"