सोया मेणबत्तीवर ‘जीएम नाही’ असं लिहू का?

औशाकडची
नमस्कार. औसा तालुक्यात आमचा दहा बायकांचा बचत गट आहे. तीन वर्षं झाली, दिवाळीला सोया मेणाच्या मेणबत्त्या करतो, काचेच्या वाटीत, मोगऱ्याच्या वासाच्या. लेबल मीच लिहिलं होतं: ‘लातूरच्या मातीतलं सोयाबीन’. दहाही घरी सोयाबीनच पेरतात, त्यामुळं लिहिताना खटकलं नाही.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका ताईंनी 40 वाट्या सांगितल्या आणि विचारलं, “जीएम सोयाबीनचं मेण तर नाही ना? घरात तान्हं बाळ आहे.” जीएम म्हणजे बाहेरचा जीन घालून तयार केलेलं बियाणं. मी विकत आणलेल्या मेणाची गोणी उलटीपालटी करून बघितली. ‘सोया वॅक्स’ एवढंच लिहिलेलं. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाले, अमेरिकेचा माल आहे, बियाण्याचं काही सांगता येत नाही. तेव्हापासून झोप नीट नाही. धुरातून बाळाला काही होईल का? आणि लेबलवर आता काय लिहू?

सॉल्व्हंटवाला
ताई, मी लातूरच्या एमआयडीसीत तेलाच्या प्लँटवर लॅबमध्ये 11 वर्षं काम केलंय. आपल्याकडं सोयाबीनपासून तेल आणि डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, निघते. मेण म्हणजे त्याच तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन सोडून घट्ट केलेली चरबी, वनस्पती तूप करतात तसंच. बियाण्यात घातलेला जीन डीएनएत असतो, आणि त्यापासून तयार होणारं प्रथिन दाण्यात. रिफाइन केलेल्या तेलात हे दोन्ही जवळपास उरतच नाहीत. मेण जळतं तेव्हा जीएम असो की साधं, ज्योतीला फरक नाही. बाळासाठी सांगायचंच तर वात कापून आखूड ठेवायला सांगा, काजळी कमी धरते. बंद खोलीत सुगंधी मेणबत्ती लावू नका म्हणावं.

पण माल अमेरिकेचा असेल तर जीएम धरूनच चाला. तिथलं 90 टक्क्यांहून जास्त सोयाबीन तणनाशक सोसणाऱ्या जीएम वाणांचं आहे.

परभणीचा कास्तकार
धुराचं वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. माझं दुखणं लेबलाचं आहे. आपल्या देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही. 2002 पासून परवानगी आहे ती फक्त बीटी कापसाला. मी परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस 71 हे सोयाबीनचं साधं वाण पेरतो, घरचंच बियाणं राखून, उगवण तपासून. हे ज्याच्या जोरावर करता येतं ते बियाणं आपल्या हातात आहे, म्हणून मला ‘लातूरची माती’ हे शब्द लई मोलाचे वाटतात.

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांवर होता. त्याच महिन्यात जीएम सोयाबीनची पेंड 12 लाख टन आणायला परवानगी मिळाली, आणि सुगीपर्यंत भाव उतरत गेला. तेव्हा घरात दोन खोल्या भरून माल होता. परक्या सोयाबीनच्या मेणावर आमच्या मातीचं नाव बघितलं की ते दिवस आठवतात. रागानं नाही लिहीत, ताई. तुम्ही विचारायलात हेच लई झालं.

मेणबत्तीकाम, बीड
मी मधमाशीच्या मेणाकडं वळले. ते 62 अंशांच्या पुढं वितळतं, वाटीतलं सोया 50 च्या आसपासच. मे महिन्यात पत्र्याखाली माझ्या सोयाच्या वाट्या मऊ पडून तेल सुटायचं. पण मधमाशी बीटी कापसाच्या फुलावर पण जाते, म्हणून मी ‘जीएम नाही’ लिहीत नाही. ‘मधमाशीचं मेण’ एवढंच लिहिते.

औशाकडची
सगळ्यांचे आभार. परभणीच्या दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्या घरीही 2021 ला तेच झालं होतं, आणि तरी मी तेच लेबल चिकटवत होते.

पुण्याच्या ताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी 40 च्या 25 केल्या. गटात थोडी कुरबुर झाली, पण काल दुपारी बसून 260 लेबलं काढली. नवीन लेबल: ‘आयात सोया मेण. हातानं ओतलेली, औसा तालुका.’

आपल्या भागातल्या सोयाबीनच्या तेलाचं मेण थोड्या प्रमाणात कुणी करून देतं का? 50 किलो लागेल. माहीत असेल तर इथंच कळवा.