अण्णांनी खऱ्याला झापलं आन् खोट्याला बसवून घेतलं

प्रेषक: लातूरवाला (न्यू जर्सी, सध्या मुक्काम लातूर)

मंडळी नमस्कार,

सुट्टीवर गावी आलोय, येळवस (वेळ अमावस्या, आपल्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण) गाठायची म्हणून मुद्दाम डिसेंबरच्या शेवटी तिकीट काढलं होतं. शेतात कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदगाभर आंबील, सगळं झालं, फोटो वेगळ्या मेलमध्ये टाकतो, जळा. पण हा मेल त्याचा नाही.

घरचं इंटरनेट तीन दिवस बंद होतं, रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल उडवली होती. अण्णांनी (वडील, झेडपीचे रिटायर मास्तर) कंपनीत तक्रार टाकली. येळवसच्या दिवशी शेतातच त्यांना दोन फोन आले. पहिला एका साध्या मोबाइल नंबरवरून, मागं मोटरसायकलचा आवाज, आणि तो माणूस नाव नाही गाव नाही, डायरेक्ट विचारतो, "ओ काका, घर कुठं आलं तुमचं, टाकीच्या अलीकडं का पलीकडं?" अण्णा तापले. "कंपनीचा असशील तर तुला पत्ता ठाऊक नको का? फसवायला मीच सापडलो का?" असं मास्तरी आवाजात झापून फोन ठेवला, आम्हाला पण लई कौतुक वाटलं.

तासाभरानं दुसरा. स्क्रीनवर कंपनीचं नाव, पुढं सपोर्ट असं लिहिलेलं, नंबर पण ऑफिसच्या लँडलाइनसारखा. गोड हिंदी, दर वाक्याला सर. अण्णांचं नाव बरोबर, कनेक्शन बरोबर. म्हणे तुमच्या राउटरमध्ये व्हायरस आहे म्हणून लाइन आपोआप बंद पडली, एक ॲप घ्या, आम्ही इथून दुरुस्त करतो, आणि रजिस्ट्रेशनचे फक्त १० रुपये भरा. अण्णा कोपीच्या सावलीत चष्मा लावून एकेक बटण दाबायलेत, आणि मला म्हणतात, "गप बस, कंपनीचा साहेब बोलायलाय." मी आंबील पीत बसलेलो. "स्क्रीनवरचा नऊ आकडी कोड सांगा सर" हे कानावर आलं तेव्हा हातातला तांब्या टाकून फोन हिसकावला.

पैसे गेले नाहीत. पण रात्रभर विचार करायलोय, अण्णांचं चुकलं तरी कुठं? नाव दिसत होतं, नंबर बरोबर वाटत होता, तक्रार पण खरीच टाकलेली. आणि ज्याला झापलं तो बहुतेक कंपनीचा खरा लाइनमन होता! मग ओळखायचं कशावरून? तुमच्यात कुणी या धंद्यातलं आहे का, म्हणजे खऱ्या धंद्यातलं.

.....

प्रेषक: परभणीची ताई (ह्यूस्टन)

अय्यो, थोडक्यात वाचले की अण्णा. आणि आंबिलाचं नाव काढू नका हो, इथं ताक आणि ज्वारीचं पीठ आणून तीनदा करून बघितलं, ती चव नाही ती नाहीच.

माझा नियम सोपा आहे, आपल्याकडचा ॲक्सेंट ऐकू आला आणि माणूस म्हणाला मी अमुक कंपनीच्या टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय की मी कट करते. वाईट वाटतं, आपलंच पोरगं असतं पलीकडं, पण काय करणार, २०१६ मध्ये आपल्याच मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांची धाड पडली होती ना, अमेरिकेतल्या लोकांना टॅक्सच्या नावानं धमकावत होते, तेव्हा इथं ऑफिसात मान वर करायची सोय नव्हती. पण एक कळलं नाही, फोनवर कंपनीचं नाव आलं तर ते खोटं कसं असेल? फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप असतं ना, ते एवढं नाव दाखवतं ते कुठून?

.....

प्रेषक: जालन्याचा (डॅलस)

ताई, तुमच्या नियमानं मी रोजच मरतो. 😄 मी एका कंपनीत आयटी हेल्पडेस्कला आहे, अकरा वर्षं झाली, माझा ॲक्सेंट जालन्याचा होता तिथंच आहे, आणि मी खरंखुरं "आयटीमधून बोलतोय" म्हणलं की दहातले दोनतीन लोक तोंडावर फोन ठेवतात. एकानं तर मलाच विचारलं, तुझ्या आईला ठाऊक आहे का तू काय काम करतोस. तर ॲक्सेंटवर जाऊ नका, चोरांमध्ये अस्सल अमेरिकन बोलणारे पण ढीगभर आहेत, त्यांना तुम्ही मग आरामात बसवून घेणार.

आता नंबरचं. फोनवर दिसणारा नंबर म्हणजे पाकिटावरचं "प्रेषक" आहे असं समजा. मी पाकिटावर "प्रेषक, जिल्हाधिकारी, लातूर" असं लिहून पेटीत टाकलं तर पोस्टमन काय मला विचारायला येत नाही तू कलेक्टर आहेस का म्हणून. इंटरनेटवरून फोन लावायच्या सिस्टिममध्ये समोरच्याला कुठला नंबर दिसावा ते फोन करणाराच भरतो. ही सोय चोरांसाठी केलेली नाही हं, दवाखान्यात पन्नास टेबलांवरून फोन जातात पण पेशंटला एकच रिसेप्शनचा नंबर दिसावा म्हणून ती आहे. त्यामुळं अमेरिकेत नंबर बदलून दाखवणं हा आपोआप गुन्हा होत नाही, फसवायच्या हेतूनं केलं तर होतो आणि मग एका वेळेला १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. पण पकडणार कुणाला, तो बसलाय तिसऱ्याच देशात. आणि ते नाव दाखवणारं ॲप? त्यातली बरीच नावं लोकांनीच भरलेली असतात. चोरानं नवा नंबर घ्यायचा, चारपाच दोस्तांकडून "अमुक सपोर्ट" म्हणून सेव्ह करून घ्यायचा, झालं नाव तयार.

यावर तोड म्हणून इथं स्टर-शेकन नावाची भानगड आहे, ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना सक्तीची. फोन जिथून निघतो ती कंपनी त्याच्यावर डिजिटल सही करते, सहीचे तीन दर्जे, ए म्हणजे गिऱ्हाइक पण ओळखीचं आणि नंबर पण त्याचाच, बी म्हणजे गिऱ्हाइक माहीत पण नंबराचं सांगता येत नाही, सी म्हणजे बाहेरून आला, आम्ही फक्त पुढं ढकलला. काही फोनवर त्यामुळं बरोबरची खूण दिसते. पण फोन वाटेत जुन्या वायरवरून गेला तर सही गळून पडते, आणि खूण असली तरी त्याचा अर्थ नंबर त्याचा आहे एवढाच, माणूस चांगला आहे असा नाही! चोर पण पैसे देऊन खरा नंबर घेऊ शकतो की.

इंडियात पण २२ ऑक्टोबर २०२४ ला सिस्टिम सुरू केली, परदेशातून येणारा पण +९१ नंबर दाखवणारा फोन सीमेवरच अडवायचा. पहिल्या २४ तासांत १.३५ कोटी फोन अडवले म्हणे. म्हणजे विचार करा रोज किती येत होते. पण चोर देशातच बसून इथलंच सिम वापरत असेल तर ही चाळणी त्याला लागत नाही, अण्णांचा साहेब त्यातलाच असणार. आणि तक्रारीचं त्याला कसं कळलं म्हणता, तर कळलेलंच नसणार. नाव नि नंबराच्या याद्या विकत मिळतात, शंभर जणांना "तुमचं इंटरनेट बंद आहे" म्हणलं तर पाचजणांचं खरंच बंद असतं, आपल्या लातुरात तर जास्तच.

मग ओळखायचं कसं? मी माझ्या आईला एकच सांगितलंय, ती ऐकते पण. फोन कुणी केला ते बघायचं नाही, "मी ठेवते आणि बिलावरच्या नंबरवर उलटा फोन करते" असं म्हणायचं आणि तो काय करतो ते ऐकायचं. मी खरा हेल्पडेस्कवाला आहे, मला असं कुणी म्हणलं तर मी म्हणतो बरं, हा तिकीट नंबर (तुमच्या तक्रारीचा नंबर) लिहून घ्या, जो कुणी उचलेल त्याला सांगा. माझं काय जातंय, उलट तेवढाच चहा होतो. चोराला मात्र तुम्ही फोन ठेवलेला चालतच नाही, त्याची सगळी मेहनत तुम्हाला लाइनवर ठेवण्यात असते, तो लगेच घाई करणार, अर्ध्या तासात सगळं उडून जाईल, पोलीस येतील, काहीही. आणि उलटा फोन गुगलवर नंबर शोधून लावू नका, तिथं पण कस्टमर केअर म्हणून चोरांचेच नंबर चिकटवलेले असतात. बिल, कार्डाची मागची बाजू, कंपनीचं स्वतःचं ॲप, तेवढंच.

आता एक कडू गोष्ट पण सांगतो. खऱ्या कंपन्याच चोरासारख्या वागतात. मागच्या महिन्यात माझ्याच बँकेतून खरा फोन आला, अनोळखी नंबर, आणि पहिलंच वाक्य, व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा! फोन तू केलास, व्हेरिफाय मी कामून होऊ? तो बिचारा खरा होता हे मला उलटा फोन केल्यावर कळलं. अशा वागण्यानं लोकांना सवयच लावून ठेवलीय की कुणी विचारलं की सांगायचं, आणि मग लोक फसले की म्हणायचं ग्राहकांनी सावध राहावं.

.....

प्रेषक: बीडचे काका (स्लाव, इंग्लंड)

मंडळी, दोन वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या काकूला सुद्धा नाही. ती या लिस्टवर नाही म्हणून लिहितो.

कॉम्प्युटरवर काम करत होतो, अचानक पूर्ण स्क्रीन लाल, भोंगा वाजायला लागला, विंडोजला व्हायरस, या नंबरला फोन करा. मी केला. (मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो हे त्यांनीच साइटवर लिहिलेलं आहे, हे मला नंतर कळलं.) त्यानं मला इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडायला लावली, तिथं लाल खुणांची ही मोठी यादी. माझे हातपाय गळाले. ती यादी चांगल्या कॉम्प्युटरवर पण असते, माझ्या नातवाच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर पण आहे, मी बघून आलो. मग एक कमांड टाइप करायला लावली, ८८८ नं सुरू होणारा लांबलचक आकडा आला, म्हणे हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, बघा माझ्याकडं पण तोच आहे, म्हणजे मी खरा. तो आकडा जगातल्या सगळ्या विंडोजवर तोच असतो!

पुढं म्हणाला आमचं चुकून जास्त बिल लागलं, २०० पौंड परत करतो, आणि बँकेचं पान माझ्याकडून उघडून घेतलं. खात्यात २००० आले. रडायला लागला, काका माझी नोकरी जाईल, १८०० गिफ्ट कार्डांनी परत द्या. आलेले पैसे त्याचे नव्हतेच, माझा कॉम्प्युटर तिकडून चालवत माझ्याच बचत खात्यातले उचलून त्यानं चालू खात्यात टाकले होते. मी मास्तराचा पोरगा, दुसऱ्याचे पैसे ठेवायचे नाहीत असं वाढलेलो, निघालो दुकानात गिफ्ट कार्ड आणायला. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, एवढी कार्डं कुणाला देताय? मी म्हणलं कॉम्प्युटर कंपनीला. तिनं कार्डं काउंटरखाली ठेवली आणि म्हणाली, आजोबा, आधी बसा. पाणी दिलं तिनं. वीस वर्षांची असंल.

जालनेकर, तुमच्या उलट्या फोनला माझी एक पुरवणी. घरचा लँडलाइन असेल तर त्याच फोनवरून लगेच लावू नका. पूर्वी इकडं लाइन अशी होती की आपण ठेवला तरी फोन करणाऱ्यानं ठेवेपर्यंत तुटायचीच नाही. चोर पलीकडून डायल टोनचा आवाज वाजवायचे, आपण बँकेचा नंबर फिरवायचा आणि उचलणार तोच! नंतर ती वेळ कमी करून दोनएक सेकंदांवर आणली, तरी मी दुसऱ्या फोनवरूनच लावतो. बँकेच्या नावानं फोन आला तर इकडं १५९ फिरवायचं, २०२१ पासून आहे, बहुतेक मोठ्या बँकांना जोडून देतात.

.....

प्रेषक: मॉडरेटर

काका, तुमचा मेल सगळ्या मेंबरांना पाठवायची परवानगी द्याल का? नाव काढून. आणि बाकीच्यांनो, संक्रांतीच्या तिळगुळाच्या याद्या या थ्रेडमध्ये टाकू नका, तीनजणांनी टाकल्यात, डिलीट केल्या.

.....

प्रेषक: बीडचे काका (स्लाव)

नाव राहू द्या. काकूला काल रात्री सांगितलं. ती म्हणाली तिला दुकानातल्या पोरीनं तेव्हाच सांगितलं होतं.

.....

प्रेषक: लातूरवाला (अजून लातुरातच)

काका, 🙏🙏

इथलं सांगतो. अण्णांच्या फोनमधलं ते ॲप लगेच काढलं, नेट बंद केलं, यूपीआयचा पिन आणि बँकेचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला. अशा ॲपचा कोड दिला की समोरचा तिकडून तुमचा फोन बघू नि चालवू शकतो, याबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ लाच सांगून ठेवलंय, आपल्या कानापर्यंत आलं नाही एवढंच. कॉल दुसरीकडं वळवून ठेवले असतील तर म्हणून ##००२# पण फिरवून टाकलं. पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करायचा होता, जेवढं लवकर तेवढं खात्यात अडवता येतं. गेले नव्हते म्हणून सरकारच्या संचार साथी साइटवर संशयित फोन कळवायची चक्षू म्हणून सोय आहे, तिथं फक्त तो नंबर टाकला.

मग बिलावरच्या नंबरला फोन केला, तिकीट नंबर सांगितला, ते म्हणाले आमचा माणूस काल येणार होता, ग्राहकानं शिवीगाळ केली असं लिहिलंय. अण्णा म्हणाले शिवीगाळ नाही, समज दिली.

काल तो परत आला. जालनेकरांचा मेल मी अण्णांना वाचून दाखवलेला, त्यामुळं अण्णा फाटकातच आडवे. "तिकीट नंबर सांग आधी." तो पोरगा खांद्यावर केबलचं भेंडोळं, घामानं निथळायलाय, म्हणतो, "काका, नंबर तिकडं हापिसात हाय, माझ्याकडं फकस्त शिडी हाय."

अण्णांनी शिडीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि फाटक उघडलं. वीस मिनिटांत लाइन चालू. भज्जी उरली होती ती आईनं गरम करून दिली, दोन उंडे खाल्ले त्यानं. तो गेल्यावर मी अण्णांना म्हणलं, तिकीट नंबर नव्हता तरी आत कसं घेतलं?

म्हणाले, "फसवणारा शिडी कशाला आणंल?"