अनुभव धागा: जुनं घर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं (नाशिककरांसाठी)

नोकरी सांभाळून एखादा जुना फ्लॅट किंवा रो-हाऊस घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं, हा जोडधंदा आपल्या शहरात बरेच जण करतात. त्यावर मोकळेपणाने बोलणारे मात्र थोडे. व्हिडिओत फक्त आधीचं आणि नंतरचं घर दिसतं. मधलं काहीच दिसत नाही: सोसायटीचा ना-हरकत दाखला, गळणारा संडास-बाथरूम, मुद्रांक शुल्क, गिऱ्हाइकाच्या बँकेने घराची किंमत ठरवायला पाठवलेला व्हॅल्युअर. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. व्यवहार फिसकटला असेल तरी लिहा, त्यातूनच जास्त कळतं. एजंट-ठेकेदारांची नावं नकोत. भाग, खर्च आणि कागद यांबद्दल मात्र हात राखून लिहू नका.

सुरुवात मी करते.

इंदिरानगर, आम्ही दोघं नवरा-बायको

नवरा अंबडला कारखान्यात, मी खासगी नोकरीत. आम्ही जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांमधले पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचेच फ्लॅट बघतो. तिसऱ्या मजल्यावरचं घर कितीही सजवलं तरी आजी-आजोबा असलेलं कुटुंब जिने बघूनच परत फिरतं.

आधी हिशेब. समजा घर ३० लाखांचं. शहरात मुद्रांक शुल्क सहा टक्के धरा, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, पण कमाल ३० हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. एजंटाचा एक टक्का. भिंतीला ब्रश लागण्याआधीच अडीच लाखांच्या वर रक्कम गेलेली असते. ती पुढच्या भावात वसूल होणार नसेल तर ते घर आपलं नाही, मग कितीही हवेशीर असो. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २०२१ साली ती आली तेव्हा १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, त्यामुळे या धंद्यात तिचा उपयोग नव्हता. २०२३ मध्ये अट निघाली. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत जाते, हे आधीच बोलून घ्या.

कामात पहिला पैसा बाथरूमवर. जुने जीआयचे (लोखंडी) पाइप आतून गंजून बारीक झालेले असतात, ते काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकतो. फरशी उखडून, नाहणी ट्रॅप बदलून, वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवतो आणि खालच्यांच्या घरी जाऊन त्यांचं छत बघून येतो. खालच्या काकू पुढे घर विकताना सर्वांत मोठ्या साक्षीदार असतात! टाइल लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढतो, म्हणजे पाइप कुठून गेलाय ते नव्या मालकाला कळतं. हॉलमधली जुनी मोझॅक शक्यतो काढत नाही. पॉलिश केली की सुरेख दिसते, शिवाय जुन्या स्लॅबवर नव्या टाइलचं ओझं चढत नाही. कडप्प्याचा ओटा मात्र बदलावाच लागतो. स्वयंपाकघर बघूनच घर ठरतं.

सिडको, इलेक्ट्रिकची कामं करतो

मजुरी घरची म्हणून मला परवडतं. गवंडी आणि रंगारी ओळखीचे, वायरिंग माझं. जुन्या घरात अर्थिंग नसतंच म्हटलं तरी चालेल. मी आधी अर्थिंग करतो, मग आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवतो, मग फॅन-लाइटचं बघतो. गिऱ्हाइकाला झुंबर दिसतं, पण लहान मुलं असलेल्या आईला आरसीसीबी म्हणजे काय ते दोन मिनिटं समजावून सांगा, तिला पटतं.

आमच्या भागात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे सिडको या सरकारी महामंडळाच्या योजनेतलं घर, त्याची जमीन मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली. मी घेतलं तेव्हा हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागलं, त्यात वेळही गेला. दुसरं म्हणजे वरचा मजला. छोट्या घरांवर लोकांनी गरजेप्रमाणे खोल्या चढवल्यात, बऱ्याच विनापरवाना. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा बघतो आणि वरच्या खोल्या धरत नाही. मग गिऱ्हाइकाचं कर्ज कमी बसतं आणि व्यवहार अडतो. म्हणून घेताना वरच्या मजल्याचा एक रुपया मी धरत नाही.

गिऱ्हाइकाबद्दल सांगायचं तर निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले मार्च-एप्रिलात माल निघाला की मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बघायला येतात. ते रंग बघत नाहीत. पाण्याची वेळ विचारतात, गाडी कुठे लावायची विचारतात आणि कागद वकिलाकडे नेतात. मी घर गुढीपाडव्याला तयार राहील असं काम धरतो. पितृपंधरवड्यात कुणी विसार देत नाही, तो काळ हिशेबातच घ्यायचा, कारण हप्ता काही थांबत नाही.

पंचवटी

एकच मुद्दा. गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) काठचं घर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधनं आहेत. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आम्ही बघितलेत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून आमच्याकडे पूर मोजतात आणि जुनी माणसं घराच्या भिंतीवर हात ठेवून सांगतात, इथपर्यंत होतं. शेजारच्या आजोबांना विचारा, खरं तेच सांगतील. २०२७ च्या सिंहस्थाचं नाव घेऊन भाव चढवून सांगणारे बरेच भेटतात. यात्रेकरू येऊन जातील, घर त्यानंतर विकायचं असेल तर आजच्या भावाने गणित जमतंय का ते बघा.

जुने नाशिक, शिक्षक

मी आणि मावसभाऊ मिळून दहीपुलाच्या बाजूला वाड्याचा एक हिस्सा घेतला. थोडं सविस्तर लिहितो, कारण वाड्यांना कुणी हात लावत नाही आणि मग ते पडतात.

मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव होतं. वारस तीन शहरांत विखुरलेले. भाऊ म्हणाले, बहिणींचं काही नाही, त्यांची लग्नं झालीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे आणि लग्नाने तो जात नाही. आम्ही स्पष्ट सांगितलं, बहिणी एकतर खरेदीखतावर सही करतील आणि त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात जाईल, नाहीतर राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र देतील. थोरल्या ताई पैसे घेऊनच सही करणार म्हणाल्या आणि ते योग्यच होतं. एका वारसाचं काम मुखत्यारपत्रावर उरकू असा आग्रह होता. मुखत्यारपत्रावर विक्री दाखवून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलंय. तो वारस स्वतः आला तेव्हाच दस्त झाला. तळमजल्यावर जुना भाडेकरू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाला हुसकावून नफा कमवायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. त्याचं दुकान तसंच ठेवून घर विकायचं, असं धरूनच आम्ही भाव लावला.

आता काम. भिंती पांढऱ्या मातीच्या, विटांच्या, आतून चुना. कुणीतरी मागे बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं होतं आणि सगळं दुखणं तिथे होतं. माती आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद होतं, ओल आतच राहते आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं. बाहेरून सागवान ठणठणीत, टोकाला बोट खुपसलं तर भुसा. एक तुळई बदलली, तीही दुसऱ्या उतरवलेल्या वाड्याच्या जुन्या सागाची. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम येणारा कारागीर मिळायलाच वेळ लागला. म्हातारे गवंडी बाबा रोज गिलाव्यावर पाणी मारून घ्यायचे आणि घाई केली की काम थांबवायचे. कोनाडे, देवळी, ओसरीचे खांब तसेच ठेवले. संडास-बाथरूम नवीन, पण मूळ भिंतीला लागून नाही. मध्ये वेगळी भिंत घेऊन पाणी दूर ठेवलं.

गेलेला वेळ धरला तर नफा बेताचाच. एखाद्या फ्लॅटमध्ये याहून लवकर सुटलो असतो. पण मी पुन्हा वाडाच घेईन. घेणारं कुटुंब मूळ नाशिकचंच, नोकरीमुळे बाहेर गेलेलं. त्यांना ओसरी हवी होती.

कॉलेज रोड, करसल्लागार

घर घेतल्यापासून २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन, तो तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर बसतो. त्यापुढे दीर्घकालीन, साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) नाही. हेच काम वारंवार करत राहिलात तर तो व्यवसाय धरला जाऊ शकतो आणि मग हिशेब वेगळा. नूतनीकरणाचा खर्च नफ्यातून वजा मिळतो, पण बिलं पाहिजेत आणि पैसे बँकेतून दिलेले असले तर उत्तम. गवंड्याला रोख देऊन वहीत लिहिलेल्या रकमेला आधार राहत नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो, ते त्याला आठवणीने सांगा. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या मुद्दलावर वजावट घेतली असेल आणि घर पाच वर्षांच्या आत विकलं, तर ती वजावट उलटते, म्हणजे ती रक्कम पुन्हा उत्पन्नात धरली जाते.

नाशिकरोड, आम्ही असं घर विकत घेतलं

तुम्ही सगळे विकणारे, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आमचं घर इतकं छान दिसत होतं की आईंनी तिथेच पेढे मागवले. पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या पीओपीला पिवळा डाग आला, मग फुगा, मग तुकडा पडला. वर स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडलेल्या. त्या झाकायलाच फॉल्स सीलिंग केलं होतं. पलंग बाजूला होता म्हणून मुलगा वाचला. घरं नीट करून विका, नफा घ्या, आमची ना नाही. पण झाकू नका. आम्ही आयुष्यभराची पुंजी घातली होती.

धागाकर्ती

ताई, हे सगळ्यांनी वाचावं म्हणून वर आणतेय. आम्ही पीओपी करत असलो तर आधीच्या स्लॅबचे फोटो आणि वॉटरप्रूफिंगचं बिल घराच्या फाइलीत ठेवून देतो. स्लॅब कसा तपासायचा ते कुणी जाणकाराने सांगावं.

सातपूर, निवृत्त स्थापत्य अभियंता

हातोडीने हलकं ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आतलं प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलंय. सळईच्या रेषेत सरळ तडे आणि तांबूस डाग दिसले तर गंज आहे. तिथे नुसतं प्लास्टर मारू नका. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरा. सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी द्यावी लागते आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागा. नसेल तर विसार देण्याआधी स्वतःच्या खर्चाने निदान त्या फ्लॅटपुरती तपासणी करून घ्या. आणि घर शक्यतो भर पावसात बघा, जुलै-ऑगस्टमध्ये, वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम चालू असताना.