विषय: हनुक्काच्या मेणबत्त्या कुणाला दिसल्या का? (तातडीचं)

प्रेषक: ताई
मंडळी, आमच्या ज्यूंच्या हनुक्काला, म्हणजे आठ रात्री दिवे लावायच्या सणाला, मेणबत्त्या हव्यात म्हणून काल तीन दुकानं पालथी घातली. लाल-हिरव्याशिवाय काही नाही. शेवटच्या दुकानात ख्रिसमसच्या झाडांमागे एक निळा कोपरा सापडला. त्यात काय, तर मात्झोचे खोके आणि द्राक्षाचा रस! अहो, मात्झो म्हणजे पेसाख सणातली बिनखमिराची रोटी, तो सण एप्रिलात. होळीला तिळगूळ मांडल्यातला प्रकार. मेणबत्त्या विचारल्या तर पोरगा म्हणाला, संपल्या. यंदा (2024) पहिली रात्र नेमकी 25 डिसेंबरची, त्या दिवशी सगळं बंद. मला 44 चा एकच खोका हवाय. शिवाय 28 ला मंडळाच्या कार्यक्रमात हनुक्काचे दिवे लावायचं आपलं ठरलंय ते आहेच. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर आणा, पैसे लगेच देते.

प्रेषक: अण्णा
आठ दिवसांना 44 कशाला?

प्रेषक: ताई
अण्णा, रोज एक वाढते. एक ते आठची बेरीज 36. त्या पेटवायला रोज एक शमाश, त्या आठ. आणि म्हणे तीन वर्षं मंडळाचा हिशेब तुमच्याकडे होता!

प्रेषक: धाकटी वहिनी
ताई, मिळाल्या!!! लोणच्यांच्या खालच्या फळीवर होत्या. काचेच्या पेल्यातल्या, वर हिब्रू अक्षरं. नऊ होत्या, नऊच्या नऊ उचलल्या. 24 तास जळतात असं लिहिलंय, म्हणजे 28 ला सकाळीच लावून मोकळं होऊ.

प्रेषक: ताई
अगं, त्या यार्झाइटच्या! माणूस गेल्याच्या तिथीला लावतात. नऊ एकदम लावल्यास तर लोक भेटायला येतील पांढरे कपडे घालून. पावती असेल तर आठ परत कर. एक ठेव मला, बाबांची तिथी फेब्रुवारीत आहे.
आणि कोणी केकवरच्या सुचवू नका. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास जळायला हव्यात. 27 ला शुक्रवार, त्या दिवशी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संध्याकाळी लागायच्या आधी लावायच्या, म्हणजे आणखी जास्त वेळ.

प्रेषक: नाना
मेणबत्त्यांमागे कशाला धावता? मूळ गोष्ट तेलाचीच ना? दिवाळीच्या पणत्या मंडळाच्या खोक्यात पडून आहेत. आठ एका ओळीत, नववी जरा उंचावर. झाला हनुक्किया, हनुक्काचं दीपदान. आमच्या चाळीत ताईंसारखे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, शेजारी होते. लहानपणी मला वाटे मशीद बंदर स्टेशनाचं नाव मुसलमानांच्या मशिदीवरून. ते काका म्हणाले, नाही रे, आमच्या मशिदीवरून, सॅम्युअल स्ट्रीटवरच्या. 1796 ची आहे ती.

प्रेषक: अण्णा
मी जुम्मा मशिदीवरून असं ऐकलंय. माझे सासरे रेल्वेत होते.

प्रेषक: नाना
सासरे रेल्वेत म्हणून स्टेशनाचं बारसं त्यांनी केलं असं नाही. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, मशीदच म्हणतात. ताईंना विचारा.

प्रेषक: भाऊ (सामान)
खोक्यातल्या पणत्या मंडळाच्या आहेत, कोणाच्या घरच्या नाहीत. गुढीपाडव्याला नेलेला तांब्या अजून आलेला नाही, नाव घेत नाही. दुसरं, हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही. दिवाळीला अलार्म वाजला आणि आरती अर्धी टाकून सगळे पार्किंगमध्ये कुडकुडत उभे होते, हे इतक्यात विसरलात?

प्रेषक: ताई
नानांची कल्पना मला पटली. नाहीतरी आमचे पूर्वज कोकणात तेलीच. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. गंमत म्हणजे त्यांना हनुक्का ठाऊकच नव्हता, तो आमच्याकडे फार उशिरा आला.
भाऊ, 28 ला चौथी रात्र. नऊ नकोत, चार अधिक एक, पाच पुरे. आत नको, बाहेर पायरीवर ठेवू. शनिवार आहे, तीन तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत मी काडी ओढणार नाही. तेव्हा नाट्यछटा आधी घ्या.

प्रेषक: धाकटी वहिनी
खोबरेल मी आणू का? घरी मोठी बाटली आहे.

प्रेषक: नाना
बाहेर उणे सहा असेल. खोबरेल बाटलीतच दगड होतं, वात काय ओढणार? आणि फुलवाती आणू नका, भसकन जळून जातात. लांब वाती.

प्रेषक: ताई
ऑलिव्हचं तेल माझ्याकडे आहे. प्रश्न वाऱ्याचा. जेरुसलेमला दाराबाहेर काचेच्या पेटीत ठेवतात. मावशीकडे होती तशी, पितळी कडांची, एका बाजूची काच काजळीने कायमची काळी. तसं काही कोणाकडे आहे का?

प्रेषक: अण्णा
माशांची टाकी आहे. मासे नाहीत आता. आडवी ठेवली तर तोंड भिंतीकडे करता येईल. पण स्टेशनाचं नाव जुम्मा मशिदीवरूनच.

प्रेषक: भाऊ (सामान)
पाच पणत्या मोजून देतो. ताई, सही करून न्यायच्या. तेल पुसून, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून रविवारी परत. 44 च्या खोक्याचं काय झालं शेवटी? माझी मुलगी 23 ला शिकागोहून येतेय, तिला सांगू का?

प्रेषक: ताई
सांगा. आणि तांब्या माझ्याकडे नाही, हे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.