एएफचं अ‍ॅब्लेशन झालं, सात महिन्यांनी धडधड परत सुरू. दुसऱ्यांदा करावं का?

अंबाजोगाईकर:
अण्णा (वडील), वय ६४. बीपी आणि शुगर दोन्ही, गोळ्यांवर आटोक्यात. वजन ८८ किलो, उंची साडेपाच फूट. एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्याचे ठोके वेडेवाकडे पडणं) कायमचा नाही, येऊन-जाऊन असणारा. पुण्यात क्रायोबलूननं (गोठवणाऱ्या फुग्यानं, धडधडीच्या विजेची वाट तोडायला) अ‍ॅब्लेशन झालं, पुढं तीन महिने अमियोडॅरोन (ठोके लयीत ठेवायची गोळी) दिली आणि बंद केली. सात महिने ठणठणीत होते. आता महिन्यातून दोन-तीनदा धडधड सुटायलीय, तीन-चार तास राहते अन् आपोआप बसते. टू-डी इकोत लेफ्ट एट्रियम (हृदयाचा डावा वरचा कप्पा) ४३ मिमी, ईएफ (हृदयाचं पंपिंग) ५५ टक्के. अपिक्साबॅन ५ (रक्त पातळ करायची) दोन वेळा आणि मेटोप्रोलॉल ५० (नाडी कमी ठेवायची) चालू आहे.

पुण्याचे डॉक्टर म्हणायलेत, दुसऱ्यांदा करून घ्या. इथले फिजिशियन म्हणतात, गोळ्यांवर निभतंय तर कशाला. घरात दोन तट पडलेत. अण्णांना खरं तर एकच हवंय, रक्त पातळ करायची गोळी सुटावी. हे ठरवायचं तरी कशावरून?

ईपी लॅब, संभाजीनगर:
अण्णांच्या इच्छेपासून सुरुवात करतो, कारण पुष्कळ जण याच आशेनं दुसऱ्यांदा टेबलावर जातात. गोळी सुटणं अ‍ॅब्लेशनवर अवलंबून नाही. अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन महिने ती सगळ्यांनाच घ्यावी लागते. त्यानंतर बघतात ते पक्षाघाताच्या धोक्याचे गुण. बीपीचा एक, शुगरचा एक, म्हणजे अण्णांचे आजच दोन झाले. ६५ पूर्ण झाले की तीन. दोन किंवा जास्त गुण असतील तर ठोके घड्याळासारखे चालले तरी गोळी चालूच ठेवायची असते. हे त्यांना आत्ताच नीट समजावून सांगा, नाहीतर सगळं यशस्वी होऊनही ते नाराज राहतील.

दुसरं, आयुष्य वाढावं म्हणूनही हे करायचं नसतं. ‘कबाना’ नावाच्या मोठ्या चाचणीत (२०१९) अ‍ॅब्लेशन आणि औषधं अशा दोन गटांत मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना फायदा दिसलाय. पण अण्णांचा ईएफ ५५ आहे. तेव्हा प्रश्न उरतो त्रासाचा. धडधड सुटली की ते काम टाकून पडून राहतात का? दम लागतो, चक्कर येते? की नाडी धरून बघितल्यावरच कळतं? याचं उत्तर अण्णांनी द्यायचंय, तटांनी नाही.

आता वेळेचं. पहिले दोन-तीन महिने आतली सूज उतरत असते, त्या काळातली धडधड आम्ही मोजतच नाही. सात महिन्यांनी आलेली मात्र खरीच परत आलेली. क्रायोनंतर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: फुफ्फुसाकडून येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी जे वर्तुळ जाळलं (क्रायोत गोठवलं), त्यात कुठंतरी फट राहते आणि वीज पुन्हा त्या वाटेनं आत येते. उजव्या बाजूच्या खालच्या शिरेचा तळ ही फट राहायची नेहमीची जागा, कारण तिथं फुगा नीट टेकत नाही.

दुसऱ्या वेळी थ्रीडी मॅपिंग लावून चारही शिरा एकेक करून तपासतात. एखाद-दुसरी उघडी सापडली तर तेवढीच फट बुजवायची. असं निघालं तर दुसऱ्या अ‍ॅब्लेशनचा निकाल चांगला येतो. अडचण होते ती चारही शिरा बंद सापडल्या की. मग धडधडीचं मूळ दुसरीकडं शोधावं लागतं: वरची महाशीर, कोरोनरी सायनस, एट्रियमची मागची भिंत. त्यासाठी ठरलेली पाककृती कुणाकडंच नाही आणि यशाचा आकडाही खाली येतो. जादा रेषा मारणं (कप्प्यात आणखी रेघेसारखं जाळणं) म्हणजे जादा उपचार नव्हे. ‘स्टार एएफ टू’ या चाचणीत (२०१५) दीर्घकाळ टिकणाऱ्या एएफच्या पेशंटना अशा रेषांचा काहीच फायदा झाला नाही. उलट रेषा अर्धवट राहिली तर तिच्या भोवती नवा फ्लटर (वरच्या कप्प्यात वीज एकाच वर्तुळात जलद फिरणं) फिरायला लागतो. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: “चारही शिरा बंद निघाल्या तर तुम्ही काय करणार?” याचं उत्तर स्पष्ट मिळालं पाहिजे.

आणि एक गोष्ट अजून कुणी केलेली दिसत नाही. धडधड चालू असतानाची बारा लीडची ईसीजीची पट्टी हवी. एएफच परत आलाय की दुसरंच काही, हे त्याशिवाय सांगता येत नाही. घड्याळातली एका लीडची पट्टी चालेल, पण पुरी पडत नाही.

औषधी दुकान, लातूर:
अमियोडॅरोन घेतली होती म्हणता, तर अ‍ॅब्लेशनची तारीख घ्यायच्या आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि औषध बंद केल्यावरही ते कित्येक महिने अंगात राहतं. थायरॉईड वाढला की नुसत्या त्यानंच धडधड होते. तसं असेल तर आधी थायरॉईडचा उपचार.

गोळ्यांवर निभवायचं म्हणाल तर पर्याय मोजकेच. फ्लेकेनाईड चांगली, पण शुगर-बीपीच्या पेशंटला हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही याची खात्री केल्याशिवाय देत नाहीत. सोटॅलॉलसाठी किडनी आणि ईसीजीतला क्यूटी (लाटांमधलं एक अंतर) बघावा लागतो. अमियोडॅरोन वर्षानुवर्षं घेतली तर थायरॉईड, फुफ्फुस, लिव्हर सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

अपिक्साबॅनचंही बघा. ५ ची गोळी २.५ वर आणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८०, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. अण्णांकडं यातली एकही नाही. “रक्त फार पातळ होतंय” म्हणून कुणी निम्मी केली असेल तर विचारून पूर्ववत करा. आणि गुडघे दुखले की गावात डायक्लोफिनॅकची सुई सर्रास टोचतात, ती या गोळीवर अजिबात नको. रक्तस्राव होतो, कमरेत गाठ धरते ती वेगळी.

अंबाजोगाईकर:
टीएसएच नॉर्मल आला, ३.१. त्रासाचं विचारलं तर अण्णा म्हणाले, धडधड सुटली की जिना चढवत नाही, दिवसभराचं काम जातं. गोळीचं सांगितलं, थोडे हिरमुसले पण पटलं.

फाईलीत एक पट्टी सापडली. मागच्या वेळी एसआरटीच्या (इथलं सरकारी मेडिकल कॉलेज) अपघात विभागात धडधड चालू असतानाच काढलेली, बारा लीडची. नाडी १३४, ठोके एकसारखे. वर ‘फ्लटर २:१’ असं लिहिलंय. याचा अर्थ काय घ्यायचा?

ईपी लॅब, संभाजीनगर:
या पट्टीनं चित्र बरंच बदललं. एएफमध्ये ठोके वेडेवाकडे पडतात. एकसारखी १३४ म्हणजे वरचा कप्पा २६८ नं फिरतोय आणि दर दोनापैकी एक ठोका खाली उतरतोय. फ्लटर गोळ्यांना फारशी दाद देत नाही. मेटोप्रोलॉल वाढवली तरी नाडी एक तर तिथंच अडते नाहीतर एकदम निम्म्यावर येते. “गोळ्यांवर निभतंय” हा मुद्दा त्यामुळं कमजोर झाला.

बघायचं इतकंच की फ्लटर कुठला. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये करवतीच्या दात्यांसारख्या लाटा खाली जाताना दिसल्या तर तो बहुतेक उजव्या बाजूचा नेहमीचा फ्लटर. तो ट्रायकस्पिड झडपेभोवती फिरतो, तिथं एक छोटी रेषा मारली की तुटतो. याचं यश शंभरात नव्वदच्या वर आहे. त्याच बैठकीत डाव्या कप्प्यातल्या चारही शिरा तपासून घेता येतात. लाटा तशा नसतील तर फ्लटर डावीकडचा असण्याची शक्यता वाढते आणि काम लांबतं. पट्टीचा उजेडात, सपाट ठेवून फोटो काढा, कागदाचा वेग लिहिलेली कडा फोटोत आली पाहिजे. तो फोटो पुण्याला पाठवा. सोबत पहिल्या वेळचा पूर्ण प्रोसिजर रिपोर्ट मागवा. डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी असतात. कुठली शीर किती वेळ गोठवली आणि उजवीकडची रेषा तेव्हा मारली होती का, हे रिपोर्टात असतं.

माझ्या मते अण्णांच्या बाबतीत पारडं दुसऱ्यांदा करण्याकडं झुकतं. पण उद्याच करा असं नाही. ८८ किलोतले नऊएक किलो उतरवायला आजच सुरुवात करा. अ‍ॅडलेडच्या ‘लेगसी’ अभ्यासात (२०१५) वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून टिकवणाऱ्यांत धडधडीपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हेही बघा. असेल तर झोपेची तपासणी करून सीपॅप (झोपेत दाबानं हवा देणारं यंत्र) लावा. हे राहून गेलं की दुसरं काय अन् तिसरं काय, टिकत नाही. मात्र वजनाच्या नावाखाली वर्ष-दोन वर्षं ढकलू नका, तेवढ्यात एट्रियम आणखी ताणतं.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात कॅथेटर, मॅपिंगचे पॅच आणि बेड वेगवेगळे मांडलेले हवेत. कॅथेटर नवं की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेलं, हे विचारायला संकोच नको. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून कळेल.

औषधी दुकान, लातूर:
एक भर घालतो, कारण घर पुण्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर दूर आहे. अपिक्साबॅन आपल्या मनानं बंद करायची नाही, सकाळचा डोस घ्यायचा की नाही तेवढं टीमच सांगेल. जांघेतून नळी जाते, म्हणून पायऱ्या आणि वजन उचलणं आठवडाभर टाळा. घरी यायची घाई न करता दोन-तीन दिवस पुण्यातच थांबलेलं बरं. हृदयाभोवती रक्त साठणं हा शंभरात एखाद्याला होणारा धोका आहे. तो बहुतेक टेबलावरच किंवा पहिल्या दिवशी कळतो. पण जांघेतली गाठ नंतरही फुगू शकते.

सगळ्यात घातक गोष्ट फार क्वचित होते आणि घरी आल्यावर होते. एट्रियमच्या अगदी मागं अन्ननलिका असते. तिला उष्णतेची इजा झाली तर एक ते सहा आठवड्यांत कधीही ताप, गिळताना छातीत दुखणं किंवा अचानक हात-पाय लुळा पडणं अशी लक्षणं येतात. गावात कुणीही याला अ‍ॅसिडिटी समजून एंडोस्कोपी करू शकतं. ती करायची नाही, आत सोडलेल्या हवेनं जीव जाऊ शकतो. छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करायचा आणि तडक पुण्याच्या टीमला फोन. हे एका कागदावर लिहून अण्णांच्या खिशात ठेवा आणि एक प्रत इथल्या फिजिशियनना द्या.