मदत हवी आहे : नवा कॉटर टाकूनही सायकलचा क्रँक (पायडलचा दांडा) सैल होतोय

इंदूर. सेकंडहँड 28 इंची काळी रोडस्टर सायकल, जमेल तसं एकेक काम काढतोय. चाकं आणि ब्रेक झाले, अडलंय बीबीपाशी (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल फिरतो तो भाग).

डावं पायडल खाली जाताना दर फेऱ्याला ‘टक्’ वाजतं. कॉटर (क्रँक एक्सलवर पक्का धरणारी खीळ) नवा, 9.5 मिमीचा. नटाने ओढलेला नाही (आटेच जातात). क्रँकखाली जाड पाइप टेकवून हातोडीने ठोकला, मग नट आवळला. तरी आठवड्यात खेळ येतो. काढून पाहिलं तर चपट्या बाजूची एकच कड चकाकते, तिथे खाच. बाकीचा भाग कोरा. म्हणजे एक्सलवरची, कॉटर बसतो ती खाच झिजली असावी. बेअरिंगच्या कपांत पाव इंची छर्रे, दोन्हीकडे 11, ग्रीस ताजं. तिथे खेळ नाही.

दुकानात उत्तर एकच : अजून दोन ठोके मारा!

कानशीने कॉटरचा उतार बदलून भागेल, की एक्सलच बदलू? शेल (फ्रेममधली बीबीची नळी) 68 मिमी, उजव्या कपाला उलटे आटे. सीलबंद कार्ट्रिज (एक्सल-बेअरिंगचा तयार बंद संच) कोणी बसवलंय का? किती लांबीचं घेतलं की चेन फ्रीव्हीलच्या सरळ रेषेत राहते? आणि सुटा कॉटर्ड एक्सल सियागंजकडे मिळतो का?